एकाच वेळी सगळे आले, तर?



१६ जुलै २०२१ हा दिवस तुमच्यापैकी अनेकांच्या ताई-दादांना चांगला आठवत असेल. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी दहावीची परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून राज्य मंडळाने निकाल लावला होता. विद्यार्थी सुमारे पावणेसोळा लाख आणि उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के. म्हणजे नापास होण्याची धास्ती जवळजवळ कोणालाच नव्हती. तरीही दुपारी १ वाजता निकाल जाहीर होताच राज्यभरातून सगळे एकाच वेळी संकेतस्थळावर तुटून पडले आणि संकेतस्थळ बंद पडले. कित्येक तास मुले आणि पालक कोऱ्या पडद्याकडे पाहत बसले.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ त्याच्यामागोमाग दुसरे येते : ‘मोठा सर्व्हर घ्यायला काय झाले होते?’ मला येथे त्या एका दिवसाची उलटतपासणी करायची नाही. परंतु ‘मोठा सर्व्हर घ्या’ हा जो सरसकट उपाय सुचवला जातो, तो अर्धाच खरा आहे, असे माझे मत आहे. गर्दी झाली की संगणकाच्या आत काय चालते ते समजून घेतले, तर उरलेला अर्धा भाग कोणता हे तुमच्याही लक्षात येईल.

तुम्ही आपला बैठक क्रमांक भरून कळ दाबता तेव्हा दूर कोठेतरी असलेल्या संगणकाकडे एक विनंती पोहोचते. त्या संगणकाला आपण सर्व्हर म्हणतो. त्याने तुमचा क्रमांक वाचायचा, माहितीकोशातून तुमचे गुण मागवायचे, ते येईपर्यंत थांबायचे, आलेल्या गुणांचा तक्ता मांडायचा आणि तो तुमच्याकडे पाठवायचा. हे काम एका ओळीने, एकापुढे एक अशा आज्ञांनी होते. अशा एका सलग कामाच्या ओळीला इंग्रजीत ‘थ्रेड’ म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा. सेवाग्रामच्या आश्रमात चरखा पाहिलेल्यांना धागा काय हे सांगायला नको. कातणारा मध्येच उठला आणि पुन्हा येऊन बसला, तर जेथे सूत सोडले होते तेथूनच पुढे कातू लागतो. संगणकातला धागाही तसाच असतो. त्याला मध्येच थांबवून दुसऱ्याला पुढे करता येते. आपण कोणत्या आज्ञेपाशी होतो आणि हातातले आकडे कोणते होते, ही त्याची नोंद जपून ठेवलेली असते, म्हणून त्याचे काम पुढे बिनचूक चालू होते.

एका वेळी एकच धागा चालवला तर पहिल्या मुलाचा निकाल माहितीकोशातून येईपर्यंत बाकीचे सगळे ताटकळतील. म्हणून सर्व्हर एकाच वेळी अनेक धागे चालवतो. एक धागा माहितीची वाट पाहत असला की दुसरा काम करतो. येथवर सोपे आहे. खरा प्रश्न पुढचा : धागे किती ठेवायचे? आणि ते आणायचे कोठून?

हमालांची टोळी

सोयाबीनच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात उभे राहून पाहा. ट्रॅक्टर, मेटॅडोर, कोठे एखादी बैलगाडी अशी वाहने एकामागोमाग लागलेली असतात. माल उतरवायला हमालांची टोळी असते. गाडी आली की टोळीतले दोघे-तिघे तिच्यावर चढतात आणि पोती उतरवतात. गाडी रिकामी झाली की ते घरी जात नाहीत, पुढच्या गाडीकडे वळतात. पुढे गाडीच नसेल, तर झाडाखाली बसतात. कोणाला कोणत्या गाडीवर पाठवायचे ते मुकादम पाहतो. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या गाडीबरोबर गावाहून नवे हमाल आणायचे, माल उतरला की त्यांना परत पाठवायचे, आणि पुढच्या शेतकऱ्याने पुन्हा दुसरे आणायचे, असे झाले तर आवारात मालापेक्षा माणसांचीच गर्दी होईल.

संगणकशास्त्रात ज्याला ‘थ्रेड पूल’ म्हणतात, ती अशीच टोळी आहे. सर्व्हर सुरू होताना ठरावीक संख्येने धागे तयार करून ठेवतो. येणारी प्रत्येक विनंती एका रांगेत लागते. मोकळा असलेला धागा रांगेतले पहिले काम उचलतो, पुरे करतो, पुन्हा रांगेपाशी येतो. काम नसले तर तो झोपी जातो. ही झोप खरीच समजा, कारण त्या अवस्थेत तो प्रक्रियकाचा वेळ अजिबात खात नाही. रांगेत नवे काम पडले की त्याला जाग आणली जाते. ‘उचल, पुरे कर, परत ये’ एवढेच त्या धाग्याचे आयुष्य, आणि एकाच धाग्याच्या हातून दिवसभरात लाखो कामे होऊ शकतात. दोन मोकळे धागे एकाच कामावर झडप घालणार नाहीत, याची काळजी कुलपासारख्या युक्त्यांनी घेतली जाते. त्या युक्त्यांचा पाया डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात घातला.

(उपमा येथे थोडी आवरती घेतो. यंत्रातला धागा रिकामा बसला तर त्याची मजुरी बुडत नाही. हमालाची बुडते. म्हणूनच महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा करावा लागला. त्याने कामगारांची नोंदणी आणि त्यांच्या मजुरीचा व्यवहार पाहणारी मंडळे आणली. धाग्यांना असा कायदा लागत नाही.)

आता पुस्तकांत काय सांगतात ते पाहा. टोळी का ठेवायची? तर नवा धागा तयार करायला वेळ लागतो, तो वाचतो म्हणून. हे खरे आहे, पण किती खरे आहे ते आकड्यांनी तपासू. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, विशेषणांवर समाधान मानायचे नाही.

समजा, सर्व्हरच्या प्रक्रियकात ८ कोअर आहेत, म्हणजे एका क्षणाला ८ धागे प्रत्यक्ष चालू शकतात. एका निकालाला एकंदर ५० मिलिसेकंद लागतात असे धरू. त्यांपैकी २ मिलिसेकंद खरे काम, उरलेले ४८ माहितीकोशाची वाट पाहण्यात जातात. एका कोअरला सेकंदात २ मिलिसेकंदांची ५०० कामे करता येतात. आठांना मिळून ४०००. हा झाला या यंत्राचा सर्वाधिक वेग. तो गाठायला धागे किती हवेत? एक धागा ५० मिलिसेकंदांत एक काम उरकतो, म्हणजे सेकंदात २०. तेव्हा ४००० भागिले २०, म्हणजे २०० धागे. (टॉमकॅट नावाचा जो सर्व्हर जगभर वापरला जातो, त्यातही नेमून दिलेली मर्यादा २०० धाग्यांचीच असते. आपल्या उदाहरणाशी ती जुळली हा योगायोग, पण आकडा कोणत्या घरातला असतो ते त्यावरून कळते.)

आता नवा धागा तयार करण्याचा खर्च ५० मायक्रोसेकंद धरा. दर विनंतीला नवा धागा केला तर ४००० विनंत्यांमागे ४००० × ५० मायक्रोसेकंद, म्हणजे ०.२ सेकंद. आठ कोअरांकडे मिळून दर सेकंदाला ८ सेकंदांचे काम असते. त्यातले ०.२ म्हणजे अवघे अडीच टक्के! धाग्यांच्या पुनर्वापराने वाचते ते एवढेच. नाकारण्यासारखे नाही, पण एवढ्यासाठी इतका खटाटोप कोणी केला नसता. टोळीचा खरा उपयोग ती जपून वापरली जाते यात नसून ती मोजकी असते यात आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत नेमकी ही गोष्ट मागे पडते.

दर सेकंदाला सव्वीस हजार

आता निकालाचा दिवस येऊ द्या. पावणेसोळा लाख विद्यार्थी आहेत. ते सगळे दहा मिनिटांत सारखे वाटून आले, तर सेकंदाला २६२५ विनंत्या होतात आणि आपला ४००० वाला सर्व्हर त्या हसत झेलतो. पण एक वाजता निकाल म्हटल्यावर एक वाजून सात मिनिटांनी कोण येणार? समजा सगळे पहिल्याच मिनिटात आले. सेकंदाला २६,२५० विनंत्या. आत शिरतात २६,२५०, बाहेर पडतात ४०००, तुंबतात २२,२५०. तेही दर सेकंदाला.

धाग्यांच्या संख्येला मर्यादाच नसती, तर दर सेकंदाला बावीस हजारांवर धागे साचत गेले असते. प्रत्येक धाग्याला आपली टिपणे ठेवायला जागा लागते. जावा भाषेत नेहमीच्या ६४-बिट यंत्रावर साधारण १ मेगाबाइट जागा प्रत्येकासाठी राखून ठेवली जाते. सगळी लगेच वापरली जाते असे नाही, पण राखीव पाट्या लावण्याचा वेग सेकंदाला २२ गिगाबाइट झाला, तर काही क्षणांत यंत्राचा जीव मेटाकुटीला येणारच. शिवाय हे सगळे धागे त्याच ८ कोअरांवर आळीपाळीने चढणार. एकाला उतरवून दुसऱ्याला चढवण्यातही वेळ जातो.

याहून मजेशीर आणि थोडी दुःखद गोष्ट पुढची आहे. समजा एक लाख कामे एकदम आली आणि प्रत्येकाला २ मिलिसेकंद कोअर हवा आहे. एकंदर २०० सेकंदांचे काम, आठ जणांत २५ सेकंद. रांगेने केले तर पहिल्याला निकाल लगेच मिळतो, मधल्याला साडेबाराव्या सेकंदाला, शेवटच्याला पंचविसाव्या. आता रांग मोडून, काळाचे अगदी बारीक तुकडे करून सगळ्यांना ‘थोडे थोडे’ दिले, तर काय होईल? सगळ्यांचीच कामे अर्धवट राहत राहत पुढे सरकतील आणि जवळजवळ सगळ्यांनाच निकाल पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास मिळेल. शेवटच्याचा काहीच फायदा नाही आणि पहिल्याचे मात्र पंचवीस सेकंद गेले. सगळ्यांना एकदम आत घेण्याचा उदारपणा हिशेबात असा महाग पडतो.

मग यंत्रे वाढवा, असे तुम्ही म्हणाल. वाढवू. सेकंदाला २६,२५० विनंत्यांसाठी आपल्याला अशी सात यंत्रे लागतील. पण सातही यंत्रांचे धागे गुण मागायला जातात ते त्याच एका माहितीकोशाकडे. बाजार समितीच्या आवारात परवानाधारक मापारी असतो. माल त्याने मोजल्याशिवाय पुढे सरकत नाही. हमाल दुप्पट केलेत आणि मापारी तेवढाच ठेवलात, तर पोती काट्यापाशी येऊन तुंबतील, एवढाच फरक. माहितीकोशाची वाट पाहण्याचा ४८ मिलिसेकंदांचा काळ मग ४८ राहत नाही. तो २००, ५००, २००० होत जातो, आणि आपली सगळी वरची गणिते कोसळतात. ‘मोठा सर्व्हर घ्या’ हे वाक्य अर्धेच खरे म्हणालो ते यासाठी.

रांगेलाही हद्द हवी

धाग्यांना मर्यादा घातली, आता उरलेले रांगेत उभे राहतील, मग अडचण काय? अडचण अशी की रांगही वाढत जाते. दर सेकंदाला २२,२५० या वेगाने दहाच सेकंदांत रांगेत २,२२,५०० विनंत्या होतील. त्यांतल्या शेवटच्या मुलाचा नंबर ४००० च्या वेगाने सुमारे ५६ सेकंदांनी लागेल. तो छप्पन सेकंद थांबेल का? मुळीच नाही. दहाव्या सेकंदाला तो पुन्हा कळ दाबेल. त्याची पहिली विनंती मात्र रांगेत तशीच असते. तिचा नंबर आला की सर्व्हर इमानाने गुण शोधून आणतो आणि पाठवतो, पण ते घ्यायला पलीकडे कोणी उरलेले नसते. काही वेळाने अशी स्थिती येते की यंत्र पूर्ण वेगाने राबत आहे, धागे एक क्षण रिकामे नाहीत, आणि निकाल मात्र कोणालाच दिसत नाही. बाहेरून त्याला आपण ‘बंद पडले’ म्हणतो. आत जाऊन पाहिले तर ते मेहनतीने मेलेल्यांची पत्रे वाटत असते.

जावा भाषेच्या २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत धाग्यांची तयार टोळी मिळू लागली. तिच्या रचनेत अमेरिकन प्राध्यापक डग ली यांचा मोठा वाटा होता. ठरावीक धाग्यांची टोळी बनवण्याची जी सर्वांत सोपी आज्ञा त्यात आहे, तिच्यामागची रांग जवळजवळ अमर्याद असते. तिच्यात २,१४,७४,८३,६४७ कामे उभी राहू शकतात. नवशिके ती सोपी आज्ञा वापरतात आणि मर्यादा घातली या समाधानात राहतात. वस्तुतः त्यांनी आवाराला फाटक बसवलेले असते, पण बाहेरचा रस्ता थेट नागपूरपर्यंत मोकळा ठेवलेला असतो.

जरा खोलात जाऊन वापरली तर हीच टोळी फार शहाणपणाने वागवता येते. तिला चार गोष्टी सांगाव्या लागतात. कायमचे धागे किती, जास्तीत जास्त किती, रांग किती लांब, आणि तीही भरली तर काय करायचे. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कायमचे धागे गुंतले की काम रांगेत जाते. रांग भरली तरच जादा धागे बोलावले जातात. बहुतेकांना हा क्रम उलटा वाटतो. तेही भरले की मग नकार. नकाराच्याही तऱ्हा आहेत. काम स्पष्टपणे परत करणे, गुपचूप टाकून देणे, रांगेतले सर्वांत जुने काम काढून नव्याला जागा देणे, आणि चौथी मला फार आवडणारी : ज्याने काम आणले त्यालाच ते करायला लावणे. शेतकऱ्यालाच म्हणायचे, ‘भाऊ, हमाल मोकळा नाही, पोती तुम्हीच उतरवा.’ तो उतरवू लागला की तेवढा वेळ नवी गाडी आणायला जात नाही. आवाराबाहेरची गर्दी आपोआप मंदावते!

आपल्या उदाहरणात रांग ८००० वर बांधली, तर आत उभे राहिलेल्या कोणालाही दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबावे लागणार नाही. बाकीच्यांना त्याच क्षणी कळेल : ‘आत्ता जागा नाही, पाच मिनिटांनी या.’ हे वाचून त्यांना राग येईल, येऊ द्या. पण त्यांना काहीतरी ठाऊक झाले. कोऱ्या पडद्यापुढे बसलेल्याला तेवढेही ठाऊक नसते. आपण मराठी माणसे ‘नाही’ म्हणायला संकोचतो, ‘बघतो, करतो’ म्हणत लोकांना फेऱ्या मारायला लावतो, आणि ही सवय आपल्या संकेतस्थळांतही उतरली आहे की काय, अशी मला शंका येते.

स्पष्ट नकाराचे शास्त्र फार जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या गर्दीवर पहिला शोधनिबंध लिहिला. गावात फोन अमुक इतके आहेत, सगळे एकाच वेळी बोलत नाहीत, तर मधल्या तारा किती ठेवाव्यात, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येकाला स्वतंत्र तार देणे परवडणारे नव्हते. तारा मोजक्या ठेवायच्या, आणि त्या गुंतल्या असतील तर फोन करणाऱ्याला ‘एंगेज’चा आवाज ऐकवायचा. तो आवाज एका सेकंदात सांगत असे की आत्ता होणार नाही. लोक फोन ठेवून पुन्हा प्रयत्न करत. केंद्र कोसळत नसे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही समज आज तुमच्या खिशातल्या यंत्राच्या युगातही जशीच्या तशी लागू आहे.

गर्दीच फोडता येईल का?

आपले राज्य मंडळ नऊ विभागांत वाटलेले आहे. आपला वर्धा जिल्हा नागपूर विभागात येतो. निकाल सगळ्या विभागांचा एकाच ठोक्याला का लावायचा? प्रत्येक विभागाला दहा-दहा मिनिटांचे अंतर दिले तर दीड तासात सगळे आटोपेल आणि पहिल्या मिनिटाची झुंबड एकदम कितीतरी लहान होईल. यावर एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे : कोकणचा आधी आणि नागपूरचा शेवटी, हा अन्याय नाही का? आक्षेप पोकळ नाही. ज्याचा जीव टांगणीला लागला आहे त्याला दीड तास थोडा नसतो. पण क्रम दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवता येईल. आणि सर्वांना समान म्हणून कित्येक तास कोणालाच काही न देणे, यात न्याय कोठे आला? रेल्वेने हे करून दाखवले आहे. २०१५ पासून तत्काळ तिकिटांची वेळ विभागली गेली. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० आणि इतरांसाठी ११. गर्दी नाहीशी झाली नाही, पण तिचे दोन तुकडे झाले.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. निकाल ही रेल्वेच्या तिकिटासारखी क्षणाक्षणाला बदलणारी वस्तू नाही. एक वाजता गुण जे आहेत तेच दोन वाजता असणार. तेव्हा त्यांच्या प्रती आधीच अनेक ठिकाणी करून ठेवल्या, तर मापाऱ्याकडे जावेच लागत नाही. अलीकडे मंडळाचा निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, ही योग्य दिशा आहे. धाग्यांची टोळी हा प्रत्येक गर्दीवरचा उतारा आहे, असे मी म्हणणार नाही. पण प्रती कितीही केल्या तरी प्रत्येक प्रतीच्या दारात पुन्हा टोळी आणि रांग असतेच.

संगणकाचे शिक्षण घेणारी तुमची मोठी भावंडे कदाचित म्हणतील, सर, हे जुने झाले. २०२३ साली आलेल्या जावाच्या एकविसाव्या आवृत्तीत इतके हलके धागे आले आहेत की ते लाखोंनी करा आणि टाकून द्या, टोळीची गरजच नाही. ते बरोबर बोलतात. पुनर्वापराची गरज खरेच कमी झाली. परंतु धागा फुकट झाला म्हणून मापारी फुकट होत नाही. हलक्या धाग्यांच्या जगातही माहितीकोशापाशी एका वेळी किती जणांनी जायचे, ही हद्द कोणाला तरी आखावीच लागते.

पुनर्वापराचा एक धोका मात्र सांगायलाच हवा, कारण तो आमच्या प्रयोगशाळेत रोज दिसतो. वर्णपटमापी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जातो. आधीच्यांनी मंच तिरका करून ठेवला असेल आणि नव्यांनी तो पुन्हा पातळीत आणला नाही, तर त्यांचे सगळे कोन चुकतात, आणि चूक कोणाची ते त्यांना कळतही नाही. धाग्याचेही असेच. एका विद्यार्थ्याचे काम करताना त्याने काही माहिती स्वतःजवळ ठेवली आणि काम संपल्यावर पुसली नाही, तर पुढच्या विद्यार्थ्याच्या कामात ती डोकावू शकते. एकाला दुसऱ्याचे गुण! संकेतस्थळ बंद पडण्यापेक्षा हे वाईट, कारण बंद पडलेले निदान दिसते. म्हणून काम संपताच धाग्याने हात रिकामे करून रांगेपाशी यावे, असा दंडक आज्ञावली लिहिणाऱ्याने पाळावा लागतो.

माझी एक मागणी आहे, ती शिक्षकांकडे आणि पाठ्यपुस्तके करणाऱ्यांकडेही. रांगेचे गणित नववीत शिकवावे. त्याला संगणक लागत नाही. १९६१ साली अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक नियम इतका साधा आहे की त्रैराशिक येणाऱ्याला तो कळतो : आत असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा वेग × प्रत्येकाचा आत राहण्याचा सरासरी काळ.

मधल्या सुट्टीत शाळेच्या पाणपोईवर तो तपासा. तिघे जण लागतील. एकाने दहा मिनिटांत किती मुले आली ते मोजावे. दुसऱ्याने दर पाचव्या मुलाला रांगेत लागल्यापासून पाणी पिऊन निघेपर्यंत किती वेळ लागला ते घड्याळावर पाहावे. तिसऱ्याने दर अर्ध्या मिनिटाला, दुसरीकडे न पाहता, तेथे उभी असलेली मुले मोजावीत. दहा मिनिटांत ४० मुले आली आणि प्रत्येकाला दीड मिनिट लागले, तर तिसऱ्याच्या आकड्यांची सरासरी सहाच्या जवळ यायला हवी. मग एक नळ बंद करून दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मोजा. नळ निम्मे झाले म्हणून रांग दुप्पटच होते का, ते पाहा. तेथे तुम्हाला आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. मोजमापांचा तक्ता करताना वार, वेळ आणि त्या दिवशी ऊन किती होते तेही लिहायला विसरू नका. वर्धेच्या एप्रिलमधली आकडेवारी जुलैच्या आकडेवारीशी जुळणार नाही.